हसलो खूप, हाती काय?

नावाजलेला सिनेमा संपतो, सगळे एकमेकांकडे बघतात आणि आधी कुणीच बोलत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये होतं का असं? आमच्यात गेल्या रविवारी झालं. खोपोलीला मैत्रिणीच्या घरी आम्ही पाच जणांनी लॅपटॉपवर ‘बर्न आफ्टर रीडिंग’ पाहिला. शेवटी एक जण हळूच म्हणाला, ‘‘भारी आहे, ना?’’ त्या ‘ना’मध्येच सगळं आलं!

सिनेमा २००८चा, कोएन बंधूंचा. आदल्याच वर्षीच्या त्यांच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेलं. त्यात इथे जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, फ्रान्सिस मॅकडोरमंड! सीआयएची नोकरी सोडलेल्या एका माणसाच्या फाइल्सची सीडी जिममध्ये सापडते. तिथे काम करणाऱ्या लिंडाला आणि चॅडला वाटतं, देशाची गुपितंच हाती लागली. लिंडाला कॉस्मेटिक सर्जरीसाठी पैसे हवे असतात. मग दोघं ब्लॅकमेल करायला निघतात, थेट रशियन वकिलातीत जाऊन धडकतात. गंमत म्हणजे, सीडीत गुपित असं काही नसतंच.

बनवलाय मात्र एकदम चोख. प्रसंग फालतू आणि मागे संगीत असं, की जणू महायुद्धच पेटणार आहे. दीड तासात एकही सीन रेंगाळत नाही. ब्रॅड पिटचा बावळट चॅड तर कमाल आहे.

मग नाराजी कशाची? (पुढे शेवट सांगतेय, सांभाळून वाचा.) जिमचा मॅनेजर टेड लिंडावर मनापासून प्रेम करतो. ती आहे तशीच त्याला आवडते. तिच्यासाठी तो धोका पत्करतो आणि भर रस्त्यात कुऱ्हाडीने मारला जातो. शेवटच्या सीनमध्ये सीआयएचे दोन अधिकारी त्याचं मरण एखाद्या नोंदीसारखं उरकतात, लिंडाच्या सर्जरीचा खर्च मंजूर करतात आणि फाइल बंद! टेडसाठी सिनेमा क्षणभरही थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, तेच तर दाखवायचंय, व्यवस्थेला माणसाची किंमत नसते. मान्य. पण व्यवस्थेला नसली तरी गोष्ट सांगणाऱ्याला हवी ना?

१९८३चा ‘जाने भी दो यारो’ आठवा. दिग्दर्शक कुंदन शाह, पुण्याच्या एफटीआयआयचे. तिथेही दोन साधे फोटोग्राफर एका संपादिकेसाठी हेरगिरी करतात. प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी बनून उभं राहतं आणि आपण लोळून हसतो. शेवटी खरे गुन्हेगार सुटतात आणि तुरुंगाचे कपडे या दोघांच्या अंगावर चढतात. तिथे हसू घशात अडकतं, कारण तोवर ते दोघं आपले झालेले असतात. व्यवस्था तीच, निर्दयपणाही तोच. पण तिथे आपल्याला वाईट वाटू दिलंय.

आपल्या कर्जत-चौक पट्ट्यातल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चा सेट होता. सेट समोरून महाल दिसतो, मागे गेलं की बांबू आणि प्लायवूड. सेटचं तेवढ्यावर भागतं, गोष्टीचं भागत नाही.

हे मला लागलं, कारण लिंडा आपल्यातही आहे. कुणी पगारातून पैसे साठवून त्वचेची ट्रीटमेंट घेते, कुणी जिममधले रील टाकतो. आपण ग्रुपवर फॉरवर्ड करतो, हसण्याचे दहा इमोजी टाकतो, संपलं. त्या माणसाचं पुढे काय झालं, कुणी विचारतं?

सिनेमा जरूर बघा, हसाल. नाही आवडला तर दिग्दर्शकाच्या नावाला दबून ‘भारी’ म्हणू नका. कुठे खटकलं ते शोधा आणि ग्रुपमध्ये बिनधास्त बोला. आमची चर्चा तर त्या एका ‘ना’वरून सुरू झाली, ती थेट शेवटच्या कर्जत लोकलपर्यंत चालली.