विश्लेषण : छोट्या पिकअपमध्ये डिझेल आता कोणाला परवडते?

टाटा मोटर्सने २०२५ या एकाच वर्षात छोट्या मालवाहू गाड्यांच्या बाजारात दोन वेगळ्या दिशांची पावले टाकली. जूनमध्ये ‘एस प्रो’ आला. किंमत ३.९९ लाख रुपयांपासून. पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि वीज असे तीन पर्याय, पण डिझेल नाही. सप्टेंबरमध्ये ‘एस गोल्ड प्लस’ आला, ५.५२ लाख रुपयांना आणि डिझेलवर. त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवी गाडी घेण्याचा विचार लांबणीवर टाकलेले अनेक जण पुन्हा शोरूमकडे वळले. तिथे त्यांच्यासमोर प्रश्न होता तो इंधनाचा. दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारतही नव्हते. मालाची गाडी म्हणजे डिझेल, हे ठरलेले होते. आज चुकीचे उत्तर निवडले, तर चार-पाच वर्षांचा हप्ता गळ्यात पडतो.

डिझेलचे गणित बिघडले कुठे?

‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस २००५ मध्ये आला, तेव्हा त्यात ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन होते. ताकद १६ अश्वशक्ती. पण गल्लीतल्या मेकॅनिकला ते उघडता येत होते आणि डिझेलही स्वस्त होते. २०१२ मध्ये एका टप्प्यावर दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे ३० रुपयांहून अधिक अंतर होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले आणि हे अंतर आटत गेले. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल सुमारे १०३.५० आणि डिझेल सुमारे ९० रुपये होते, म्हणजे फरक उरला साडेतेरा रुपयांचा.

मोठा धक्का मात्र १ एप्रिल २०२० रोजी बसला. त्या दिवसापासून बीएस-६ मानके लागू झाली. सर्वांत हलक्या गटातील डिझेल गाडीला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडण्याची मुभा होती, ती ८० वर आली. काजळीच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. इंजिनात किरकोळ सुधारणा करून हे जमणारे नव्हते. धूर बाहेर पडण्याआधी तो धुऊन काढणारा एक छोटा रासायनिक कारखानाच सायलेन्सरच्या वाटेवर बसवावा लागला. या कारखान्याची किंमत इंजिनाच्या आकाराबरोबर फारशी कमी होत नाही, हे इथे महत्त्वाचे. बारा-पंधरा लाखांच्या गाडीत ती खपून जाते, चार-पाच लाखांच्या गाडीत डोळ्यांत भरते. मारुती सुझुकीने २०१६ मध्ये ‘सुपर कॅरी’ ७९३ सीसीच्या दोन सिलिंडर डिझेल इंजिनासह आणली होती. एप्रिल २०२० पासून कंपनीने डिझेलच सोडले आणि ‘सुपर कॅरी’ पेट्रोल-सीएनजीवर गेली. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला. प्रयोगशाळेतले आकडे पुरेनासे झाले, प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जनही तपासले जाऊ लागले.

थोडक्यात, एक टनाच्या आतील गाड्यांमध्ये डिझेलची जागा पेट्रोल आणि सीएनजीने खाल्ली. दीड-दोन टनांच्या पिकअपमध्ये मात्र डिझेल अजून ठाण मांडून आहे.

मग डिझेल पुन्हा का?

‘एस गोल्ड प्लस’मध्ये नायट्रोजन ऑक्साइड रोखण्यासाठी ‘लीन नॉक्स ट्रॅप’, म्हणजे एलएनटी, वापरला आहे. मोठ्या ट्रकमध्ये याच कामासाठी डीईएफ हे युरियाचे द्रावण धुरात फवारले जाते. त्याची वेगळी टाकी, पंप, सेन्सर आणि ते संपले की डॅशबोर्डवर पेटणारा दिवा हे सगळे त्यासोबत येते. एलएनटीमध्ये हे काही नाही. त्यातील बेरियमसारख्या पदार्थांचा थर नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवतो. थर भरला की इंजिन काही क्षण मुद्दाम जास्त डिझेल सोडते आणि साठलेल्या ऑक्साइडचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होते. छोट्या इंजिनासाठी ही व्यवस्था सुटसुटीत आहे.

पण ती नाजूकही आहे. गंधक हे एलएनटीचे विष. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग इतकी खाली आणली आहे, ती अशा उपकरणांसाठीच. भेसळीचे किंवा रॉकेल मिसळलेले इंधन जुन्या छोट्या हत्तीने पचवले असेल. नवा पचवणार नाही. आडवाटेच्या पंपावर दोन रुपये वाचवण्याची सवय इथे महागात पडू शकते.

टर्बो नेमका काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक छोटी चक्की फिरते. तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्की बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, म्हणजे त्याच आकारातून जास्त जोर. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण मालवाहू गाडीत खरा कामाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवण्याच्या जोराचा. तो इंजिनाच्या कमी वेगात मिळाला तर भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत बसत नाही.

एका पिढीत काय बदलले हे महिंद्राच्याच दोन गाड्यांत दिसते. बोलेरो पिकअपचे जुने २५२३ सीसीचे डिझेल इंजिन प्रकारानुसार साधारण २०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘वीरो’चे दीड लिटरचे इंजिन २१० देते. दोन्ही टर्बो डिझेलच. टाटाच्या ‘इंट्रा व्ही-५०’मध्येही दीड लिटरमधून २२० न्यूटन-मीटर काढले आहेत. म्हणजे एक लिटर धातू कमी झाला, वजन घटले, मायलेज वाढले. त्याची दुसरी बाजू अशी, की उरलेल्या धातूवर ताण वाढला. अशा इंजिनात ऑइल बदलायला दोन महिने उशीर किंवा उसाच्या फडातल्या धुळीने भरलेला एअर फिल्टर तसाच ठेवणे जुन्या इंजिनाइतके माफ होत नाही. टर्बोची चक्की मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तिला वंगण पोहोचते ते इंजिनाच्याच ऑइलमधून. घाट चढून आल्याबरोबर किल्ली बंद न करता मिनिटभर इंजिन चालू ठेवा, असे जुने चालक सांगतात त्याचे कारण हेच.

उंचीवर टर्बोचा आणखी एक फायदा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच आहे. तिथली हवा दहा ते पंधरा टक्के विरळ. टर्बो नसलेले पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन तेवढी ताकद तिथे गमावते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

एकच टॉर्क, दीड लाखाचा फरक

आता गमतीची गोष्ट. ‘एस गोल्ड प्लस’चे टर्बो डिझेल इंजिन २२ अश्वशक्ती आणि ५५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. ‘एस प्रो’चे टर्बो नसलेले ६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन ३० अश्वशक्ती आणि तितकाच, ५५ न्यूटन-मीटर, टॉर्क देते. मग डिझेलसाठी निदान दीड लाख रुपये जास्त कशाचे? एक तर भार क्षमतेचे. एस प्रो ७५० किलो नेतो, गोल्ड प्लस ९००. टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटमध्ये मोजले तर फेरीमागे सात क्रेट जास्त. दुसरे, इंधनाचे.

हा हिशोब कागदावर मांडता येतो. समजा, भरलेली डिझेल गाडी लिटरला २० किलोमीटर देते आणि पेट्रोल गाडी १६. वर दिलेल्या मुंबईच्या दरांनी डिझेलचा खर्च किलोमीटरला साडेचार रुपये, पेट्रोलचा सुमारे ६.४७. वाचले १.९७ रुपये. दीड लाखाचा फरक भरून यायला ७६ हजार किलोमीटर लागतील. गाडी दिवसाला ५० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धावली, तर त्यासाठी पाच वर्षे. रोज १२० किलोमीटर धावली, तर दोन वर्षांहून थोडे जास्त. जादा दीड लाखावरचे व्याज यात धरलेले नाही. आपल्या गाडीचे खरे मायलेज घालून हाच हिशोब कोणालाही पाच मिनिटांत करता येईल, आणि शोरूममध्ये जाण्याआधी तो करावाच.

यात सीएनजी घातली की चित्र आणखी बदलते. मुंबईत सीएनजी २०२५ मध्ये किलोला ८० रुपयांच्या आसपास होती. किलोला २० किलोमीटर धरले तर खर्च चार रुपये, म्हणजे डिझेलहूनही कमी. ‘एस प्रो’च्या सीएनजी-पेट्रोल प्रकाराची जूनमधील किंमत ४.९९ लाख होती, तीही डिझेलहून कमी. शहरात डिझेल हरते ते इथे. पण सीएनजीचा खरा खर्च पंपावरच्या रांगेत आहे. दिवसाला तीन फेऱ्या करणाऱ्याचा तासभर रांगेत गेला, तर एका फेरीचे भाडे गेले. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातून बाहेर पडले, की पंपही विरळ होत जातात. विजेवरचा एस प्रो ६.५० लाखांना आला, बॅटरी १४.४ युनिटची आणि कंपनीचा दावा १५५ किलोमीटरचा. ठरलेल्या मार्गावर, रात्री एका जागी उभी राहणाऱ्या गाडीसाठी तो विचारात घेण्यासारखा आहे. हंगामात कुठेही भाडे मारणाऱ्यासाठी नाही.

छोट्या फेऱ्या डिझेलला का मानवत नाहीत?

याची चर्चा शोरूममध्ये फारशी होत नाही, म्हणून थोडे सविस्तर. बीएस-६ च्या बहुतेक हलक्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो भरत जातो आणि ठरावीक काळाने त्यातली काजळी आतच जाळावी लागते. त्यासाठी तिथले तापमान ५५० ते ६०० अंशांवर जावे लागते. गाडी हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चालली, तर हे काम चालकाच्या नकळत होते. पण दोन किलोमीटर जाऊन थांबणारी, दुकानासमोर इंजिन चालू ठेवून माल उतरवणारी, पुन्हा दोन किलोमीटर जाणारी गाडी तेवढी तापतच नाही. काजळी साठत जाते, दिवा पेटतो. दिव्याकडे दुर्लक्ष केले, तर गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि वर्कशॉपची वाट धरावी लागते. म्हणून पाण्याचे जार, गॅस सिलिंडर किंवा किराणा घरपोच करणाऱ्याने डिझेल गाडी घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे आहे, मग मायलेजचा आकडा कितीही चांगला असो.

यावर गॅरेजमध्ये सुचवला जाणारा उपाय म्हणजे फिल्टर काढून टाकणे आणि संगणकीय प्रणाली बदलून दिवा बंद करणे. हे बेकायदा आहे. शिवाय वॉरंटी जाते आणि काजळी शेवटी बाजारपेठेतल्या माणसांच्याच फुप्फुसात जाते.

उलट उदाहरण रत्नागिरीच्या आंब्याचे. माल भरून आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूर गाठायचे. वाटेत लांब सलग धाव, भार पूर्ण, चढ दमवणारा. टर्बो डिझेल याच कामासाठी आहे. नारायणगावचा टोमॅटो माळशेजमार्गे कल्याणकडे नेणाऱ्याचे गणित पुन्हा वेगळे. तिथे भरलेली गाडी घाट उतरते आणि चढते ती बहुधा रिकामी. अशा मार्गावर इंजिनाच्या जोरापेक्षा ब्रेक आणि टायर जास्त पाहावेत. घाटरस्ता म्हटले की मोठे इंजिन, हा ठोकताळा त्यामुळे नेहमी खरा नसतो. जोरदार डिझेल इंजिनाचा एक धोकाही आहे. दीड टनाच्या पासिंगवर अडीच टन भरला तरी ते कुरकुरत नाही. उतारावर ब्रेक कुरकुरतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

अमेरिकेत टर्बो पेट्रोल जिंकले, इथे का नाही?

अमेरिकेत हलक्या पिकअपमध्ये डिझेलला टर्बो पेट्रोलने मागे टाकले. फोर्डने २०११ च्या ‘एफ-१५०’मध्ये साडेतीन लिटरचे ‘इकोबूस्ट’ टर्बो पेट्रोल इंजिन दिले. २०१८ मध्ये त्याच गाडीत तीन लिटरचे डिझेलही आले, पण त्याचा टॉर्क इकोबूस्टपेक्षा कमी आणि किंमत जास्त होती. २०२१ मध्ये ते बंद झाले. ‘रॅम १५००’चे डिझेल २०२३ मध्ये थांबले, त्याआधी २०१४ ते २०१६ च्या सुमारे एक लाख डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन प्रकरणात कंपनीला मोठी तडजोड करावी लागली होती. जनरल मोटर्सचे तीन लिटरचे डिझेल मात्र टिकून आहे. तिथे संघराज्याचा इंधन करही डिझेलवर जास्त आहे, गॅलनला २४.४ सेंट, पेट्रोलवर १८.४. भारतात डिझेल अजून पेट्रोलहून स्वस्त आहे आणि स्वस्तातला पर्याय म्हणून सीएनजी आधीच उभी आहे. पूर्ण भाराखाली टर्बो पेट्रोल इंजिन पेट्रोलही भरपूर पिते. सात लाखांच्या मालवाहू गाडीत ते टाकायला इथे कंपन्यांना कारण नाही.

पुढे कोणता धोका?

गाडी घेताना पाच वर्षांनंतरची विक्री किंमतही पाहावी लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंधांचा इतिहास आहे. मुंबई महानगर प्रदेशात डिझेल-पेट्रोल वाहने बंद करून केवळ सीएनजी आणि विजेवरील वाहनांना परवानगी देता येईल का, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली; मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणावरील सुनावणीत तसे सुचवले होते. कोल्हापूर किंवा जालन्यात गाडी चालवणाऱ्याला याची झळ थेट बसणार नाही. वाशीच्या बाजारात रोज माल उतरवणाऱ्याला मात्र आज डिझेल गाडीच्या कर्जावर सही करताना, मुदत पाच वर्षांऐवजी तीन वर्षांची घेता येते का, हे विचारून घ्यावे लागेल.