संगणकीय पुरावा आणि दाखल्याचा प्रश्न

कागदावरील खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातील दिसत नाही. म्हणूनच संगणकीय दस्तऐवजाला कागदाची बरोबरी देताना कायद्याला अटी घालाव्या लागल्या आणि त्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ही बरोबरी दिली. त्याच वेळी पुरावा कायद्यात आलेल्या कलम ६५-ब ने अशा दस्तऐवजाच्या प्रतीसोबत यंत्राची जबाबदारी वाहणाऱ्याचा दाखला मागितला. पण त्यानेच दाखला नाकारला तर पक्षकाराने जावे कोठे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जालना मतदारसंघातून २०१४ साली अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी विधानसभेवर निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांनी सारे टिपले होते. चित्रफिती मिळाल्या, दाखला मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. अन्य पुरावा पुरेसा असल्याने १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मात्र दाखला अनिवार्यच आहे, तो मिळत नसल्यास न्यायालयामार्फत मागवावा, असेही बजावले. तोवर त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती!

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखल्याचे दोन भाग झाले आहेत : एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. तालुक्याच्या न्यायालयात हा तज्ज्ञ आणावयाचा कोठून, हे ज्याचे त्याने पाहावे! दाखल्यात 'हॅश' मूल्यही नोंदवावयाचे आहे. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा. एक स्वल्पविराम हलला तरी तो बदलतो. योजना चांगली, परंतु आकडा काढण्यापूर्वीच फेरफार झाला असेल, तर हा आकडा त्या फेरफारावरच मुकाट्याने शिक्कामोर्तब करील. शिवाय अधिनियमातील नमुन्यात 'एमडी-५' पद्धतीलाही स्थान आहे. तिच्यात दोन भिन्न मजकुरांचा एकच आकडा निघू शकतो, हे २००४ पासून जगजाहीर आहे.

निदान सरकारी कार्यालयांनी तरी मुद्रण होताच हॅश काढून नोंदवहीत लिहावा आणि मागणी येताच ठरावीक दिवसांत दाखला द्यावा, असा नियम हवा. माहितीच्या अधिकारात तीस दिवसांची मुदत आहे, विलंबास अधिकाऱ्याला दंडही आहे. तीच तरतूद येथे करण्यात सरकारला अडचण कोणती?