मोठे रुग्णालय आणि परतीची चिठ्ठी

देवासहून इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारहून साठ-पासष्ट. कुक्षी-डहीकडच्या बाळासाठी हे अंतर त्याच्या दुपटीहूनही अधिक. मी व्यवसायास आरंभ केला तेव्हा अत्यवस्थ नवजात बालक इंदूरला पाठवायचे म्हटले की सरकारी एम. वाय. किंवा १९७९ पासूनचे चोइथराम, ही दोनच नावे प्रथम तोंडी येत. आज बायपासवरून जाताना खासगी बहुविशेषज्ञ रुग्णालयांच्या पाट्या मोजता मोजता गाव येते. या रुग्णालयांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या विद्यार्थिदशेत ज्यांची आशा कोणी धरली नसती, अशी अठ्ठावीस आठवड्यांची बालके सरफॅक्टंट व व्हेंटिलेटरच्या बळावर जगली आणि आज शाळेच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतात.

तरीही एक प्रसंग मनातून जात नाही. बागलीकडच्या एका शेतमजुराचे तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ अशाच एका रुग्णालयातून चाळीस दिवसांनी घरी आले. सोबत जाडजूड इंग्रजी फाइल. देयकात कापसाच्या बोळ्याचीही नोंद. नेत्रतपासणीची मात्र कोठेही नाही. चौथ्या महिन्यात आई म्हणाली, ''डॉक्टरसाहेब, हा दिव्याकडे बघत नाही.'' एका डोळ्याचा दृष्टिपटल सुटलेला होता, दुसऱ्यात थोडी दृष्टी वाचली.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. प्राणवायूच्या चढउताराने ती भलतीकडे वळते. म्हणून चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावयाचे, फारच लहान असल्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. लेझरची वेळ काही दिवसांचीच असते. हे आपणा सर्वांस ठाऊक आहे, मलाही होते. पण पहिल्या भेटीत मी ती फाइल वजनाच्या पानापर्यंतच वाचली आणि लस टोचून बाळाला घरी पाठवले. दोष एकट्या रुग्णालयावर ढकलण्याचा अधिकार मला नाही.

आपणही बाळ पाठवतो कसे? पुष्कळदा भाड्याच्या जीपमध्ये, ओल्या दुपट्यात, साखर न तपासता. आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधण्याची रीत १९७८ मध्ये बोगोटातील डॉक्टरांनी रुजवली, तीही इन्क्युबेटर अपुरे म्हणून. तिला खर्च काहीच नाही.

मोठ्या रुग्णालयांचे जनसंपर्क अधिकारी आमच्या दवाखान्यात येतात, माहितीपत्रक देतात. क्वचित कोणी पाकिटाचाही विषय काढतो. रुग्ण पाठवण्याबद्दल दलाली घेणे २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध आहे, हे त्याला सांगून मी चहा पाजतो. माझे मागणे वेगळे आहे. त्याच गृहस्थाने दर आठवड्याला आमच्या भागात परतलेल्या बाळांची यादी आणावी. आणि फाइलच्या पहिल्या पानावर, आईबापांना वाचता येईल अशा हिंदीत, डोळ्यांच्या व कानांच्या तपासणीची तारीख असावी. पाचव्या मजल्यावरील एमआरआयइतकीच ही सुविधा आहे, आणि एका कागदात होते.

तोवर मी एक वही घातली आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ आले की जन्मतारखेपुढे तिसावा दिवस लाल शाईने लिहितो. धारच्या व्यवसायबंधूंनी अशीच वही ठेवल्यास महिन्यातून एकदा नेत्रतज्ज्ञांना इंदूरहून एकत्र बोलावता येईल. गाडीची व्यवस्था मी करीन.