कॅटलॉगमधली वेस

ग्रंथालयाचा कॅटलॉग तटस्थ वाटतो. आकडा, शीर्षक, लेखक, विषय. यात कसली आली जात? पण कोणते पुस्तक कोणाच्या शेजारी ठेवायचे हे माणसेच ठरवतात.

मेल्विल ड्युईने १८७६ साली दशांश वर्गीकरण काढले. त्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत. पैकी २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माला. जगातले बाकी सगळे धर्म २९०च्या गटात. बौद्ध धम्माच्या वाट्याला आले २९४.३.

डोरोथी पोर्टर १९३० पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ग्रंथपाल होत्या. तेव्हा इतर ग्रंथालये कृष्णवर्णीयांची पुस्तके, अगदी कवितासंग्रहसुद्धा, ३२५ किंवा ३२६ मध्ये टाकत. म्हणजे वसाहत किंवा गुलामगिरी! पोर्टरबाईंनी हे नाकारले आणि पुस्तके त्यांच्या खऱ्या विषयात लावली.

आपली गोष्ट वेगळी नाही. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता संपवली, तरी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत पुढे कित्येक वर्षे आपण 'अनटचेबल्स'च होतो. आता तिथे 'दलित्स' आहे. पण शब्द बदलून भागत नाही. 'बलुतं' फक्त 'दलित समस्या' या विषयाखाली नोंदवले, तर दया पवार लेखक राहत नाहीत, नमुना होतात. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३चा ग्रंथ केवळ 'आंबेडकर विभागा'त ठेवला, तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो दिसणार कसा? स्वतंत्र कपाट अभिमानाचे असते, पण एकमेव जागा तीच असेल तर ती वेशीबाहेरची वस्ती ठरते. पुस्तक एकाच कपाटात राहील. कॅटलॉगमध्ये मात्र त्याला अनेक विषय देता येतात. मग द्यायला हवेत.

ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेले नाही, त्याला पुस्तक सुचवणारे काका-मामा नसतात. त्याचा वाटाड्या कॅटलॉगच. तिथे जे सापडत नाही, ते त्याच्यासाठी लिहिलेच गेलेले नसते.

हे बदलता येते. २०१४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'इल्लिगल एलियन्स' या विषयनामावर हरकत घेतली. २०२१ साली ते बदलले.

तुमच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग उघडा, आपली पुस्तके कुठे नोंदली आहेत ते तपासा. चूक दिसली तर ग्रंथपालांना लेखी अर्ज द्या. आणि आपला प्रबंध शोधगंगेवर जाईल तेव्हा त्याचे कीवर्ड दुसऱ्यावर सोडू नका. आपले नाव आपणच लिहायचे.