हप्ते फिटले, घर कोणाचे?

वीस लाखांचे घरकर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १८ हजार रुपये. हे आकडे आपल्यापैकी अनेकांच्या घरातले आहेत. पण त्या हप्त्याची फोड फार थोड्यांनी केलेली असते. पहिल्या महिन्यात भरलेल्या १८ हजारांपैकी १५ हजार व्याजात जातात, मुद्दल जेमतेम तीन हजारांनी घटते. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा व्हायला बारा वर्षे उलटावी लागतात. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता साडेएकवीस लाख रुपये भरलेल्या माणसाच्या नावावर तेव्हाही चौदा लाखांहून अधिक कर्ज उभेच असते. वीस वर्षांत मिळून त्याने भरायचे असतात ४३ लाख.

आता याच हप्त्यात पहिल्यापासून दरमहा फक्त दोन हजार रुपये जास्त भरले तर काय होते? कर्ज साडेचार वर्षे आधी संपते आणि सहा लाखांच्या आसपास व्याज वाचते. यात कसलीही जादू नाही. वरचा प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो आणि पुढच्या सगळ्या वर्षांचे त्याच्यावरचे व्याज थांबते. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांतल्या पैशाची ताकद मोठी. पहिल्या वर्षाअखेरीस एकदाच भरलेले दहा हजार रुपये शेवटचे जवळजवळ तीन हप्ते पुसून टाकतात. तेच दहा हजार अठराव्या वर्षी भरले तर एक हप्तासुद्धा पूर्ण पुसला जात नाही.

मोहल्ल्यातल्या बचत गटांच्या आणि भिशीच्या वह्या तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. त्यामुळे हे दोन हजार कुठून येतात हे मला नेमके ठाऊक आहे. ते फॉल-पिकोतून येतात, दोन कारखान्यांतल्या कामगारांच्या डब्यांतून येतात, मेहंदीच्या कोनांतून येतात. रमजानमध्ये समोसापट्टी लाटून विकणाऱ्या बाया एका महिन्यात वर्षभराचे जादा हप्ते काढतात. बारा जणींची दोन हजारांची भिशी असेल तर आपल्या पाळीला चोवीस हजार एकदम हातात येतात आणि तेच बँकेत ‘पार्ट पेमेंट’ म्हणून भरले जातात. चिठ्ठी टाकून फिरणाऱ्या या साध्या भिशीत ना व्याज असते, ना कुणाची मध्यस्थी. (बोलीवर चालणारी लिलाव भिशी हे वेगळे प्रकरण आहे, तिच्यापासून लांब राहावे.) बिनव्याजी अर्थव्यवहारावर आपल्याकडे मोठमोठी व्याख्याने होतात. या बायका तो कधीपासून चालवत आहेत आणि त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलेले मी तरी पाहिलेले नाही.

बँकेबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण त्यांची भीती उगाच घेतली जाते. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडले तर दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच मनाई केली आहे. तेव्हा काउंटरवर कुणी नाही म्हटले तर लेखी मागा. दुसरे, जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असे लिहून द्यावे. हप्ता कमी करून घेतला की महिना सुसह्य होतो, पण व्याजाची बचत बरीचशी हातची जाते. व्याजदर चढतात तेव्हा तर याकडे अधिकच लक्ष हवे. मे २०२२ मध्ये चार टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा असंख्य कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. आपली मुदत किती वर्षांची झाली आहे हे अनेकांना अजूनही माहीत नाही. कर्जाचा उतारा दर वर्षी मागून घ्यावा आणि घरातल्या बाईनेही तो वाचावा.

आता सूदविषयी, कारण हा प्रश्न टाळून आपल्या समाजात घरकर्जावर बोलताच येत नाही. कुरआनात रिबाला सक्त मनाई आहे, यावर वाद नाही. आजच्या बँकेचे प्रत्येक व्याज म्हणजे तोच रिबा का, यावर मात्र जाणकारांत मतभेद आहेत. बहुसंख्य उलेमा होय म्हणतात. कुरआनाचे इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला युसुफ अली यांनी आपल्या टिपेत आधुनिक बँकिंगमधली पतव्यवस्था या व्याख्येच्या बाहेर ठेवली. युरोपमधल्या फतवा परिषदेने १९९९ मध्ये, राहायला दुसरे घर नसेल आणि बिनव्याजी मार्ग नसेल तर गरज म्हणून तिथल्या मुसलमानांना घरकर्जाची मुभा दिली. मी मुफ्ती नाही, निकाल देत नाही. पण मला दिसते ते सांगते. सूद नको म्हणून बँकेत न गेलेली कुटुंबे हेवी डिपॉझिट देऊन बिनभाड्याच्या घरात राहतात. तिथे भाडे म्हणजे त्या ठेवीचे व्याज नाही तर दुसरे काय? काही जण करारनामा न करता बिल्डरच्या हातात रोकड ठेवतात आणि वर्षानुवर्षे चकरा मारतात. काही खासगी सावकाराकडे जातात, आणि तिथला सूद तर महिन्यावर मोजला जातो.

बिनव्याजी बँकेची वाट पाहा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचे २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारातून समोर आले. आणि साध्या बँकांचा अनुभव तरी काय? काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना कर्जासाठी ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्याची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच करून ठेवली आहे. त्यातून गुंठेवारीची घरे, अपुरी कागदपत्रे, पगाराची पावती नाही, यांमुळे आपले लोक चढ्या दराच्या खासगी वित्तसंस्थांकडे ढकलले जातात. १३ टक्क्यांनी आठ लाख घेतले तर पंधरा वर्षांत अठरा लाखांहून जास्त भरावे लागतात. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याचे व्याज जास्त. अशा घराला लवकर फेडण्याची गरज सर्वांत मोठी. सूदची टोचणी मनाला असेल तर तिचा उपयोग रात्रभर तळमळण्यापेक्षा तो सूद लवकर संपवण्यासाठी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र बचत कशातून करायची याबाबत मी कडक आहे. दुधातून, औषधातून आणि मुलीच्या फीमधून काढलेल्या पैशाला मी बचत म्हणत नाही. मुलाची शिकवणी चालू ठेवून मुलीची बंद केलेली घरे मी पाहिली आहेत, कारण काय तर ‘कर्ज आहे ना’. अडीअडचणीसाठी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर आधी तो जमवावा, मग जादा भरणा. काटछाट करायचीच असेल तर जागा भरपूर आहेत. साखरपुड्यापासून चौथीपर्यंत लांबलेली लग्ने, मुलीबरोबर ट्रकभर सामान, आणि इस्लाममध्ये हुंडा नाही असे म्हणत म्हणत घेतलेली मोटारसायकल. चाळीसाव्याच्या जेवणावळीही यातच आल्या. हजसुद्धा ज्याची ऐपत आहे त्याच्यावर फर्ज आहे. कर्ज डोक्यावर असताना दुसऱ्यांदा उमऱ्याला जाणाऱ्या भावंडांना मला एवढेच विचारायचे असते की तुमच्या बायकोने भिशीतून जमवलेले पैसे यात गेले की काय?

आणि इथेच माझा खरा मुद्दा येतो. कर्ज लवकर फिटले, त्यातला मोठा वाटा बाईच्या डब्यातल्या पैशाचा होता, हे घरातले सगळे कबूल करतात. मग घराच्या कागदावर कोणाचे नाव असते? मी ज्या वह्या पाहते त्या घरांत बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे, काही ठिकाणी सासऱ्याचे. गंमत अशी की कर्जाच्या कागदावर तिची सही असते. कर्जाची रक्कम वाढावी म्हणून तिला सहकर्जदार केलेले असते, खरेदीखतात मात्र ती नसते. म्हणजे कर्ज दोघांचे आणि घर एकट्याचे. सही करताना तिला हा फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो.

कायदा तिला काय देतो? नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुले असतील तर तरक्यात एक अष्टमांश, मुले नसतील तर एक चतुर्थांश. चाळीस लाखांच्या घरात तिचा वाटा पाच लाख. तलाक झाला तर घरात वाटा शून्य. तोंडी तिहेरी तलाक २०१७ च्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने गेला. पोटगीचा हक्क दानियल लतीफी प्रकरणात आणि पुन्हा २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला. हे सगळे आपण लढून मिळवले आहे. पण पोटगी म्हणजे घर नव्हे. संसारात मिळून उभ्या केलेल्या मालमत्तेत बायकोचा हक्क मानणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात हिंदू स्त्रीसाठीही नाही. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याने, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते. तिथला मुसलमानही त्याच कायद्याखाली राहतो आणि त्याचा मजहब बुडालेला नाही.

मेहरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. शरियतप्रमाणे न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. तो मेला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते फेडावे लागते. बँकेचा हप्ता दोन दिवस उशिरा गेला तर घाम फुटणारे पुरुष या कर्जाबद्दल वर्षानुवर्षे निवांत असतात. ना हप्ता, ना व्याज, ना फोन करणारा वसुली एजंट. मय्यतीच्या वेळी बायकोकडून ‘माफ किया’ म्हणवून घेतले की खाते बंद. जनाजाच्या नमाजाआधी मयताच्या कर्जाची चौकशी करण्याची प्रेषितांची रीत वाजात वारंवार सांगितली जाते. त्या कर्जात मेहर मोजायची असते, हे कधी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ज्यांना हे दुरुस्त करायचे आहे त्यांना नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. नवे घर घेत असाल तर तिचे नाव पहिल्या दिवसापासून खरेदीखतात घाला. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. घर आधीच झाले असेल तर हिबा आहे. वसीयतीचा तिला उपयोग होत नाही, कारण वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही. हिबा हयातीत होतो, त्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. तोंडी हिबाही मुस्लिम कायद्यात चालतो, पण पुढे दीर आणि भाचे कोर्टात उभे राहतात, म्हणून तो नोंदवलेलाच बरा. राहत्या घराचे बक्षीसपत्र पत्नीच्या नावे करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहरांत वर स्थानिक अधिभार पडतो, तो दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावा. अर्धा हिस्सा द्यायचा असेल तर मसुदा जाणत्या वकिलाकडून करून घ्यावा.

कर्ज चालू असताना यासाठी बँकेची परवानगी लागते. कर्ज संपल्यावर ती अडचण उरत नाही. शेवटचा हप्ता भरल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे आणि बोजा उतरवणे डिसेंबर २०२३ पासून बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. ना-देय दाखला घ्यावा, सोसायटीच्या दप्तरातली नोंद काढून घ्यावी, सातबारा असेल तर तलाठ्याकडून बोजा कमी झाल्याचा नवा उतारा घ्यावा. ही कागदांची फाइल हातात येते त्याच आठवड्यात निबंधकाकडची वेळ घ्यावी, आणि जाताना भिशीची वही सोबत न्यावी, म्हणजे रांगेत बसल्या बसल्या बेरीज करता येईल.