चार्जिंग स्टेशनची जागा: वर्दळ नव्हे, आधी ट्रान्सफॉर्मर पाहा

हायवेलगत जमीन आहे, गाड्यांची वर्दळ आहे, म्हणजे चार्जिंग स्टेशन चालणारच, असे अनेकजण धरून चालतात. पण हा हिशेब पेट्रोल पंपाचा आहे. पंपावर गाडी पाच मिनिटांत टाकी भरून निघते. इलेक्ट्रिक कार मात्र फास्ट चार्जरवरही अर्धा-पाऊण तास उभी राहते. त्यामुळे किती गाड्या जातात यापेक्षा किती थांबतात, हे महत्त्वाचे. स्वच्छ शौचालय, जेवण आणि रात्री उजेड असलेला जुना ढाबा मोकळ्या माळरानापेक्षा केव्हाही सरस.

त्याआधीचा प्रश्न विजेचा. 60 किलोवॉटचे दोन चार्जर एकदम सुरू झाले की भार 120 किलोवॉट. गावात बहुतेकदा 63 किंवा 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर घरे, पिठाची गिरणी, पाणीपुरवठ्याची मोटार आधीच असते. मग स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आला, उच्चदाब वाहिनीपासून खांब आणि तारा आल्या. वाहिनी दूर असेल तर स्वस्तातली जमीनही महागात पडते. म्हणून इसार देण्याआधी महावितरणच्या उपविभाग कार्यालयात जाऊन जोडणी कुठून मिळेल आणि खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. चार्जिंग स्टेशनला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केले. अडते ते जोडणीवर.

केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर 25 किमीला स्टेशन सांगितले होते. 2024 मध्ये हे अंतर 20 किमीवर आले. त्यातले ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द विसरू नयेत. दुभाजकापलीकडचा चार्जर, बॅटरी आठ टक्क्यांवर आलेल्या चालकाच्या काय कामाचा?

शहरात गणित उलटे होते. ज्याच्या सोसायटीत पार्किंग आहे, तो रात्री घरीच चार्ज करतो. खरी गरज रिक्षा-टॅक्सीचालकांना आणि पुण्याच्या पेठांसारख्या भागात, जिथे गाडी रस्त्यावरच लावावी लागते. तिथे खासगी जागा परवडणारी नाही. महापालिकेचे वाहनतळ आणि भाजी मंडईचे आवार यांचा विचार आधी व्हायला हवा. पावसात पाणी साचणारे तळघर मात्र नको.

कोणत्या फीडरवर किती भार शिल्लक आहे, हे महावितरणने तालुकानिहाय नकाशावर खुले केले, तर जमीनमालकाला कर्जाचा अर्ज भरण्याआधीच उत्तर मिळेल.