बुफेच्या रांगेत जात विचारत नाहीत, टेबलावर विचारतात

लंडनच्या युस्टन स्टेशनाशेजारी ड्रमंड स्ट्रीट नावाचा एक छोटा रस्ता आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन तिथून पायी दहा मिनिटांवर. अनेक दशकांपासून या रस्त्यावर भारतीय हॉटेलं आहेत, त्यातली काही दक्षिण भारतीय आणि भेळपुरीची, शुद्ध शाकाहारी. दुपारी काही ठिकाणी बुफे लागतो. एकदा पैसे भरायचे आणि पोट भरेपर्यंत खायचं. शिष्यवृत्तीवर शिकणारी आपली मुलं तिथे मुद्दाम उशिरा, दोनच्या सुमाराला जातात, म्हणजे रात्रीच्या जेवणाचा खर्च वाचतो. आम्हीही त्या रांगेत ताट घेऊन उभे राहिलो आहोत आणि त्या जेवणाने आम्हाला तारलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जेवणात कसलं राजकारण, असं विचारणारे आपल्यातही वाढू लागले आहेत. त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की आपला लढाच मुळी पाण्याच्या ओंजळीपासून सुरू झाला. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं ते तहान लागली म्हणून नव्हे. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. छत्रपती अस्पृश्याच्या हातचा चहा पितात हे शहराने बघावं, हाच त्यामागचा हेतू होता. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आला. हॉटेलात बसून जेवणं हा आपल्यासाठी मूलभूत हक्काचा विषय आहे, तो चैनीचा कधीच नव्हता.

म्हणून बुफेचं जे चांगलं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. एकच पळी सगळ्यांच्या हातातून फिरते. तुमच्या आधी कुणी वाढून घेतलं हे कुणी पाहत नाही. गल्ल्यावर पैसे घेतात, आडनाव विचारत नाहीत. आपल्या आजोबांना चहाच्या टपरीवर फुटका कप वेगळा ठेवला जात होता. त्यांच्या नातवंडांनी त्या सामाईक पळीला हात लावताना काय झालं आहे याची जाणीव ठेवली पाहिजे.

पण बाजार समता देतो असं कुणी म्हणत असेल तर त्याने पुढचं ऐकावं. रांग संपते आणि टेबल सुरू होतं. भारतीय विद्यार्थी एकत्र बसले की दहा मिनिटांत प्रश्न येतात. "तू व्हेज ना?" "पूर्ण नाव काय?" "पुण्यात कुठे राहता?" "कोणत्या कोट्यातून आलास?" विचारणाऱ्याचा चेहरा हसरा असतो. उत्तर मिळालं की पुढच्या आठवड्यात जेवायला जाताना आपल्याला निरोप येत नाही. एकत्र खोली घ्यायचं ठरलेलं असतं, ते अचानक बारगळतं, आणि कारण दिलं जातं की घरात मांस शिजलेलं चालणार नाही. गोरा घरमालक जे विचारत नाही ते आपला देशबांधव विचारतो. जात विमानातून सामानासोबत येते, तिला व्हिसा लागत नाही.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात त्यांनी सहभोजनाची मर्यादा दाखवून दिली आहे. एका पंगतीला बसल्याने जात मरत नाही, हा अनुभव त्यांनी मांडला आणि खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवलं. त्यापुढे जाऊन, जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांवरच घाव घालायला सांगितलं. बुफे हे तर सहभोजनही नाही, कारण तिथे पंगतच नाही. प्रत्येकजण आपापलं ताट भरतो आणि आपापल्या कळपात जाऊन बसतो.

ब्रिटनचा कायदाही इथे आपल्या मदतीला धावून येईल अशी आशा ठेवू नका. २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करण्याचं बंधन २०१३ साली संसदेने सरकारवर घातलं. ते न पाळता, आम्ही ते बंधनच काढून टाकणार, असं सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलं. आधार काय, तर न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत. हा निकाल मिळाला होता बिहारमधून तिथे नेलेल्या एका आदिवासी घरकामगार महिलेच्या लढ्यातून. जात ही वांशिक मुळाच्या व्याख्येत येऊ शकते, असं अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटलं. म्हणजे एका मोलकरणीने एकटीने जिंकलेल्या लढाईवर सरकारने आपली जबाबदारी ढकलली. जातीचा उल्लेख कायद्यात येऊ नये म्हणून तिथल्या हिंदू संघटनांनी किती जोर लावला, हेही विसरू नका.

आता पैशांचं बोलू. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे. महिन्याला होतात ८२५. ब्रिटन सरकारने मात्र २०२५ च्या जानेवारीत व्हिसासाठी नियम केला होता की लंडनमध्ये शिकायचं तर महिन्याला १,४८३ पौंड हाताशी दाखवा. ही तफावत कोण भरणार? विद्यार्थ्याचं पोट भरतं. खोलीचं भाडं चुकवता येत नाही, बसभाडं चुकवता येत नाही, चुकवता येतं ते फक्त जेवण. त्यात हप्ता उशिरा आला तर विद्यापीठाच्या दारात हरे कृष्णवाले जे फुकट वाटतात त्या रांगेत उभं राहावं लागतं. भुकेल्याने ते खावं, त्यात लाज नाही. लाज आपल्या पोरांना तिथे उभं करणाऱ्या व्यवस्थेला वाटली पाहिजे.

याच ड्रमंड स्ट्रीटवरून चालत पाऊण तासात १०, किंग हेन्रीज रोड येतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. रात्री पापडांवर भूक भागवून त्यांनी अभ्यास केला, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये कोट्यवधी रुपये मोजून घेतलं, याचा आनंद आहेच. पण बाबासाहेबांची भूक हा आदर्श म्हणून मिरवायचा विषय नाही. त्यांनी उपाशी राहून शिकले ते पुढच्यांना उपाशी राहावं लागू नये म्हणून. घराला फलक लावणाऱ्या सरकारला विद्यार्थ्याच्या हप्त्याची तारीख विचारणं, हेच त्या घराचं खरं दर्शन आहे.

शेवटचा मुद्दा फलकाचा. हॉटेलावर लिहिलेलं असतं 'भारतीय जेवण'. आत पंजाबी पनीर असतं, उडुपी सांबार असतं, गुजराती फरसाण असतं. वजडी नसते, रक्ती नसते, चान्या नसतात, सुकटीची चटणीही नसते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं अन्न नोंदवलं, कारण भारतीय स्वयंपाकाच्या इतिहासात ते कुणी नोंदवलंच नव्हतं. जे ताटात नाही ते देशात नाही, असं परदेशातला माणूस समजतो. भारत म्हणजे शाकाहारी देश, हा समज अशा फलकांखालीही पोसला जातो.

मग आपण काय करायचं? बुफेवर बहिष्कार घालायची गरज नाही. पोटभर जेवा, सांबार चांगलं असेल तर चांगलं म्हणा. शाकाहारी माणूस आपला शत्रू नाही, ताटावरून माणसाची प्रत ठरवणारा विचार आपला शत्रू आहे. त्याला उलटं करून आपणही मांसाचं सोवळं माजवू नये. टेबलावर नाव विचारलं तर पूर्ण नाव सांगा आणि समोरच्याचंही विचारा. घरात काय शिजत होतं हे विचारलं तर वजडीला वजडी म्हणा. नव्याने येणाऱ्या आपल्या मुला-मुलींना पहिल्याच आठवड्यात शोधून काढा, त्यांना एकटं जेवू देऊ नका. कुणाचा हप्ता थकला असेल तर आधी त्याच्या जेवणाचं बघा आणि त्याच दिवशी सामाजिक न्याय विभागाला सगळ्यांच्या सहीचं पत्र पाठवा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण रोज म्हणतो. यातलं शिकणं रिकाम्या पोटी होत नाही, आणि संघटन एकट्याच्या टेबलावर होत नाही.

जय भीम.